भटू आबांचा सत्कार

बोलेरो थांबली ती बरोबर भटू आबांच्या फोटोखाली.

खरे भटू आबा तेव्हा त्याच फोटोच्या सावलीत, प्रेमराजच्या टपरीसमोर बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत होते. वर फलकावर ते निळ्या कोटात होते. असा कोट त्यांनी जन्मात घातला नव्हता. दोंडाईच्याच्या फ्लेक्सवाल्यानं कुणातरी नवरदेवाचं धड उचलून त्यावर आबांचं डोकं बसवलं होतं, आणि मान जिथं जुळायला हवी तिथं घाईघाईनं एक हार टाकला होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गावाचे भूषण, वनमित्र भटू आबा यांचे नाव आंतरराष्ट्रीय वनविज्ञान जर्नलमध्ये झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याच्याही खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे काळ्या चष्म्यातले. आबांचं नाव झळकलं होतं एका ओळीत आणि शुभेच्छुक होते चौदा. आपल्याकडे हे असंच चालतं.

बोलेरोचा ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं मोबाइल काढून फलकाचा फोटो घेतला, मग जवळ जाऊन नुसत्या नावाचा घेतला. मागची काच हळूच खाली आली. आत हेमराज शेठ होता. त्यानं आधी वरच्या आबांकडं पाहिलं, मग खालच्या. दोन्ही हात जोडून नमस्कार केला, हसला, आणि काच वर गेली.

गाडीची धूळ खाली बसली. प्रेमराजनं गॅस बारीक केला.

"आबा, शेठनी हात जोडात."

"देखं मी."

"तुमले जोडात का फोटोले?"

एरवी आबा यावर हसले असते. आज त्यांनी बशी तशीच खाली ठेवली. चहावर साय धरायला लागली होती.

हेमराज शेठची लाकडाची वखार नरडाण्याच्या रस्त्याला होती. वखारीत दिवसाउजेडी येई तो निंब आणि बाभूळ, परवान्याचा, शिक्क्यासकट. आणि ताडपत्रीखाली झाकून काय येई ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. डोंगरावरचं अंजन असं ताडपत्रीखालून गेलं. अंजनाचं लाकूड म्हणजे लोखंड. आपल्या खान्देशातल्या खडकाळ टेकड्यांवर उन्हातान्हात हेच एक झाड मुळं खाली खाली सोडत तग धरून राहतं. पण त्याचा एक दोष आहे. ते वाढतं सावकाश आणि कापलं तर पुन्हा फुटायचा भरवसा नाही.

याच गोष्टीवर सपनानं तिचा लेख लिहिला होता. सपना ही आबांच्या बहिणीची मुलगी. धुळ्याला देवपूरमध्ये एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण तासावर. तास भरला तर पैसे, सुट्टी पडली तर हवा. कायमच्या जागेसाठी चांगल्या मासिकात छापून आलेला लेख लागतो, म्हणून गेला हिवाळाभर ती दर सुट्टीला स्कूटी मारत मामाकडे यायची आणि दोघं डोंगर चढायचे. कुठं कापलेल्या झाडाचे खुंट आहेत ते आबांना ठाऊक. ती प्रत्येक खुंटावर रंगानं आकडा घालायची, फीत लावून घेर मोजायची, फुटवा आहे की नाही ते बघायची. फितीचं दुसरं टोक आबांच्या हातात. खुंट जुने होते तसे अगदी ताजेही होते, मशीनच्या करवतीनं साफ कापलेले. सपनानं तेही लिहिलं, नकाशासकट. कुणी कापले ते लिहिलं नाही. शास्त्रात तसं लिहीत नाहीत म्हणे.

लेख छापून आला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. मोबाइलवर बोटानं सरकवत सरकवत पार शेवटाला गेली.

"मामा, हे बघा. हे आभार. ही ओळ तुमची."

आबांना इंग्रजी येत नव्हतं. पण ओळीकडे ते असे बघत राहिले की जणू बघता बघता ती मराठी होईल.

"काय लिखेल शे?"

"डोंगरातले खुंट ज्यांनी दाखवले आणि मोजायला हात लावला, त्या श्री. भटू सुकदेव बैसाणे यांची मी ऋणी आहे. पुढं गावाचं नाव."

"कोन वाचस हाई?"

"कोणीही. बाकीच्या मासिकांना कुलूप असतं मामा, वाचायचे पैसे पडतात. हे उघडं आहे. जगात कुठंही, ज्याच्याकडे फोन आहे तो फुकट वाचेल."

"कोनीबी?"

"कोणीबी."

आबांना ते फार आवडलं. पुढचे कितीतरी दिवस ते मधूनच म्हणायचे, "कोनीबी वाची सकस," आणि स्वतःशीच मान हलवायचे.

त्यांच्या या आवडण्याला कारण होतं. आबांनी सगळी उमर सरकारी रोपवाटिकेत काढली. पिशव्या भरणं, बी टोचणं, झारीनं पाणी घालणं. पण कामावर घेताना दर हंगामाला 'नवीन मजूर' म्हणूनच घेत, कारण सलग काम दिसलं तर माणूस कायम करावा लागतो. जुनी हजेरीपत्रकं कुठं गेली ते विचारायला आबा एकदा धुळ्याच्या कार्यालयात गेले होते. साहेब चांगला होता, चहा पाजला, म्हणाला, "तुम्ही काम केलं हे मला पटतं हो आबा, पण कागद कुठं आहे?" आबा चहा पिऊन परत आले. त्यांनी वाढवलेली झाडं रस्त्यांच्या कडेनं शिरपूरपर्यंत उभी होती आणि ते कुठंच नव्हते. आणि आता भाचीनं त्यांना जगभर उघड्या असलेल्या एका पानावर, कामासकट, बापाच्या नावासकट उभं केलं होतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरगा प्रशील नरडाण्याच्या कंपनीत कामाला, चार मित्र, मित्रांपैकी एकाच्या चुलतभावाचं फ्लेक्सचं दुकान. बापाचं नाव परदेशी मासिकात आलं आणि फलक नाही? बस थांब्यावर फलक लागला. फलकाचा फोटो ग्रुपवर गेला. ग्रुपवरून तो धुळ्याच्या एका वार्ताहराकडे गेला आणि त्यानं लेख उघडला, फुकटच तर होता. पेपरात मथळा आला, 'अंजनाची कत्तल, संशोधनातून उघड'. वनखात्याची जीप डोंगराकडे गेली, मग वखारीवर गेली, शेठकडे कागद मागितले.

फलकाखाली बोलेरो थांबली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती बुद्धविहाराच्या गल्लीत, आबांच्या दारात उभी होती.

"भटू आबा, घर मा शेतस का?"

ज्या माणसानं सगळी हयात 'ए भटू' अशी हाक मारली त्याच्या तोंडून 'आबा' ऐकून पार्वताबाईंना बरं वाटलं. त्या आबांच्या बायको. गोड बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या, पण माणूस आहे. आबांच्या अंगावर मात्र काटा आला. शेठ खाटेवर बसला. पार्वताबाईंनी पाणी दिलं. या गल्लीत हेमराज शेठ पाणी प्यायल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं तांब्या उचलला आणि घोट घोट करत सगळं पाणी प्यायला.

"आबा, आम्हीबी वाचलं बरं का. फुकट आहे म्हणे, कोणीबी वाचू शकतं. वकीलसाहेबांकडून मराठीत करून घेतलं. गावाचं नाव मोठं केलंत तुम्ही."

"पोरनी मायाथी टाकेल शे नाव, शेठ."

"तेच म्हणतो मी. मायेनंच टाकलं." शेठ हसला. मागचं दार उघडं होतं. त्यातून अंगणाच्या टोकाला, नाल्याच्या काठावर उभं अंजन दिसत होतं. खाली शेळी बांधलेली. "ते अंजन का? केवढं झालं! कोणी लावलं?"

"मी. रोपवाटिकामा एक पिशवी फाटेल व्हती, साहेब फेकी देत व्हता. प्रशील व्हयना त्याच साले."

"सरळ गेलंय. अशी सरळ खोडं आता मिळत नाहीत, आबा." तो उठून दारापर्यंत गेला, झाडाकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि परत येऊन बसला. "बरं, कामाचं बोलतो. तुमचा सत्कार करायचा. रविवारी संध्याकाळी, ग्रामपंचायतीसमोर. फेटा, शाल, नारळ. गावजेवण माझ्याकडून. तुम्ही घरचे बठ्ठे, झाडून सगळे या. घराला कुलूप लावा आणि निवांत या."

"सत्कार कसाले, शेठ?"

"अहो असं कसं? आणि दोन शब्द बोलायचे."

"माले बोलता येस नही."

"भाषण नाही हो. एवढंच, की भाचीनं मायेनं नाव टाकलं, पण मी काही दाखवलेलं नाही. मी त्या डोंगरात गेलेलोच नाही, गुडघे दुखतात. बस. पोरं व्हिडिओ काढतील, वकीलसाहेब तो मासिकवाल्यांना पाठवतील. ज्याचं नाव छापलं तोच नाही म्हणाला, की लेख खोटा ठरतो. मग इथल्या जीपवाल्यांचंही काही उरत नाही. तुम्हीबी मोकळे, आम्हीबी मोकळे."

शेठनं चपला पायात सरकवल्या. उंबऱ्याशी थांबून, काहीतरी सहज आठवावं तसं म्हणाला, "प्रशील नरडाण्याला आहे ना? त्याचा ठेकेदार आपला साला आहे. चांगलं काम करतो म्हणत होता पोरगा. रात्रपाळी असली की एकटाच येतो म्हणे मोटरसायकलवर, त्या मोडक्या पुलावरून. जपून येत जा म्हणावं."

बोलेरो गेली. पार्वताबाई रिकाम्या तांब्याकडे बघत उभ्या होत्या. कानाला लागलेला गोडवा केव्हाच कडू झाला होता.

"तुम्ही नही म्हनी टाका," त्या म्हणाल्या. "काय लागस आपले? तुमना नावनी एक वळ तं शे."

"एक वळच शे," आबा म्हणाले.

शनिवारी सपना आली. हेल्मेट काढलं तेव्हाच आबांना तिचा चेहरा दिसला. मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं होतं. कुणीतरी तक्रार केली होती की लेखातलं नाव माणसाला न विचारता वापरलंय आणि खुंट खोटे आहेत. संपादकांनी तिच्याकडे खुलासा मागितला होता.

"मामा, मी तुम्हाला विचारलं होतं ना? नाव टाकू का म्हणून?"

"विचारं व्हतं. मी हसनू व्हतो."

"मी नाव काढायला सांगू शकते. पण काढलं की काढल्याची सूचना लागते. लेखाच्या माथ्यावर, कायमची. आभारातून अमुक नाव वगळलं, म्हणून."

"म्हनजे भिंतवरनं नाव पुसनं, आनी पुसं म्हनी तठेच पाटी लावनी."

सपनाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. प्रशील कोपऱ्यात बसला होता. त्यानं दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. "आबा, चूक मनी शे. फलक मीच लावा. तुम्ही नही म्हनी टाका. लोके दोन दिन हसतीन, मंग भुलाई जातीन."

"हो मामा," सपना खालच्या आवाजात म्हणाली. "लेख गेला तर गेला. मी बघेन माझं." एवढं बोलताना ती मामाकडे नाही, स्वतःच्या हातातल्या हेल्मेटकडे बघत होती. तिची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि दाखवायला हा एकच लेख होता. लेख खोटा ठरला तर कायमची जागा सोडा, तासावरही तिला कुणी उभं केलं नसतं. हे आबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बायको म्हणाली नाही म्हणा, पोरगा म्हणाला नाही म्हणा, भाची म्हणाली नाही म्हणा. सगळे एका बाजूला झाले की माणसाला निर्णय सोपा वाटायला हवा. आबांना वाटला नाही. ते उठून मागच्या अंगणात गेले, अंजनाच्या खोडाला पाठ लावून थोडा वेळ उभे राहिले. शेळीनं त्यांच्या धोतराचा सोगा चावायला घेतला तो त्यांनी सोडवून घेतला. परत आले तेव्हा प्रशीलला म्हणाले, "दोन जोड कपडा ले. सपनासंगे देवपूरले जाय. नरडाण्याले आते जानं नही."

"कसाले?"

"सांगं ना, जाय."

प्रशीलनं आईकडे पाहिलं. आईनं आबांकडे पाहिलं. आबा काय बोलणार आहेत ते त्या घरात तेव्हा सगळ्यांना कळलं. पार्वताबाई उठल्या आणि पिशवीत पोराचे कपडे भरायला लागल्या. स्कूटी निघताना सपना म्हणाली, "फीत राहिली आहे तुमच्याकडे." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." फीत दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती, तिथंच राहिली.

रविवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. ओट्यावर खुर्च्या, मागे तोच फलक, बस थांब्यावरून उचलून आणलेला. दोंडाईच्याचे मोठमोठे भोंगे दोन्ही बाजूंना रचलेले. बट्टीचा खमंग वास सुटला होता आणि वांग्याची भाजी घोटण्याचा आवाज येत होता. आबांच्या गल्लीतला माणूस या ओट्यावर खुर्चीत बसल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. गल्लीतली माणसं मांडवाच्या कडेला उभी होती. त्यांना अभिमान वाटत होता आणि पुढं यायला धजत नव्हतं कुणी. गावानं आपल्याला कधी खुर्ची दिली नाही. आज देतंय म्हणजे काहीतरी काढून घेणार, एवढं त्यांनाही कळत होतं.

शेठनं स्वतः फेटा बांधला, जरा घट्टच. शाल पांघरली, नारळ हातात दिला. वाकून कानाशी विचारलं, "प्रशील नही उना?"

"कामले गया."

शेठनं मान डोलावली. सरपंच बोलला, निसर्गाचं महत्त्व वगैरे. मग माइक आबांसमोर आला आणि मांडवातले मोबाइल एकदम वर झाले. समोर माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसत्या लुकलुकत्या काचा.

आबा उभे राहिले. भीती वाटत होती, ती लपवायचंही त्यांना सुचलं नाही. बोलण्याआधी त्यांनी मान वळवून मागच्या फलकाकडे पाहिलं. कोट आपला नाही, धड आपलं नाही. ती ओळ तेवढी आपली. आता नाही म्हटलं तर तीही या कोटासारखीच होईल, कुणाच्या तरी अंगावरची उचलून चिकटवलेली.

"माले बोलता येस नही," ते म्हणाले. भोंग्यांतून त्यांचाच आवाज अंगावर आला आणि ते दचकले. "त्या लेखमा भटू सुकदेव बैसाणे लिखेल शे. तो मीच शे. पोरनी माले विचारीसन लिखं. डोंगरमाना खुंट मीच दखाडात. बठ्ठा खरा शेतस. कोनले देखना व्हतीन, मी आखो दखाडसू."

थोडं थांबले. आणखी काही बोलावं का ते आठवून पाहिलं.

"इतलंच," म्हणाले आणि बसले.

मांडवात भाजी घोटण्याचा आवाज तेवढा राहिला, मग तोही थांबला. प्रेमराजच्या बाजूनं एक टाळी वाजली आणि घाबरून विरली. सगळे हेमराज शेठकडं बघत होते. शेठ क्षणभर आबांकडे पाहत राहिला. मग तो हसला. खरंखुरं, दात दाखवून हसला आणि टाळ्या वाजवायला लागला, तसा सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला.

"वा आबा! असा माणूस पाहिजे गावात." त्यानं माइक घेतला. "चला, पंगती बसवा. जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. आणि ते गाणी लावा रे, जोरात लावा."

भोंगे सुरू झाले तसं छातीत धडधडायला लागलं. आबांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि ओट्याची पायरी उतरले. शेठनं त्यांना दंडाला धरलं, प्रेमानं धरावं तसं, आणि आपल्या शेजारी पाटावर बसवलं.

"आबांना वाढा. तूप वाढा रे आबांना."

आबांनी बट्टी कुस्करली. त्यांनी सहज नजर वर केली. मघाशी मांडवाच्या तोंडाशी उभी असलेली बोलेरो तिथं नव्हती. ड्रायव्हरही कुठं दिसत नव्हता. बायकांच्या पंगतीतून पार्वताबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. गाणं एवढं मोठं होतं की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नव्हतं. डोंगर कोसळला असता तरी ऐकू आलं नसतं. शेठ हसून हसून त्यांना आग्रह करत होता, आणखी वरण घ्या, आणखी भाजी घ्या. दोनदा आबा उठायला गेले, दोनदा त्यानं मांडीवर हात ठेवला.

सुटले तेव्हा तिन्हीसांजा झाली होती. दोघं नवरा-बायको गल्लीत आले. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

दाराच्या कडीला शेळी बांधलेली होती.

"हाई आठे कशी?" पार्वताबाई म्हणाल्या. "मी तं झाडखाले बांधेल व्हती."

कुणीतरी शेळीला इजा होऊ नये म्हणून तिला सोडवून पुढच्या दाराशी आणून बांधलं होतं. गाठ नीट मारलेली होती. आबांनी ती गाठ पाहिली आणि मग कुलूप न उघडता घराच्या कडेनं मागं गेले. मागं आभाळ जास्त दिसत होतं. तिथं एवढं आभाळ कधी नव्हतं.

झाड नव्हतं. फांद्या अंगणभर पडल्या होत्या, त्यांची जोड-पानं अजून ताजी, हिरवीगार. खोड नेलं होतं. नाल्याच्या मऊ मातीत चाकांचे माग उमटले होते. आणि गुडघ्याएवढा खुंट मागं ठेवला होता, साफ कापलेला, आतून काळसर तांबडा, भोवती ओलसर भुसा. खुंटावर घडी घालून शाल ठेवली होती. शालीवर नारळ.

पार्वताबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनी टाहो फोडला असता तर आबांना बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. प्रशीलच्या वयाचं झाड होतं ते. पहिला उन्हाळा निभावेल की नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला पाणी घातलं होतं, पोर कडेवर घेऊन.

आबांनी शाल आणि नारळ उचलून भिंतीवर ठेवला. कुलूप उघडून घरात गेले आणि दाराजवळच्या खिळ्यावरची फीत घेऊन आले.

"धर," ते म्हणाले.

पार्वताबाईंनी टोक धरलं. आबा फीत घेऊन खुंटाभोवती फिरले, सपनानं शिकवलं होतं तसं, ढिली पडू न देता. भुसा त्यांच्या पायांना चिकटला. आकडा पाहायला उजेड पुरेना, म्हणून मोबाइल काढून त्याचा दिवा लावला, नीट पाहिलं, आणि मग त्याच मोबाइलवरून देवपूरला फोन लावला.

"मामा? काय झालं? मामा?"

"पोरी, लिखी ले," आबा म्हणाले आणि घेराचा आकडा सांगितला. "अंजन शे. ताजा खुंट. मशीननं कापेल शे, फुटवा नही."

"कुठला?"

"घरमांगेना."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि मागून प्रशीलचा, काय झालं, काय झालं म्हणून विचारणारा.

"रडजो मंग," आबा म्हणाले. त्यांचाही आवाज चिरकला, तो त्यांनी खाकरून जागेवर आणला. "पह्यले लिखी ले. आनी खाले मनं नाव टाकजो. पुरं टाकजो."

फोन ठेवून त्यांनी मान वर केली. अंधारात पार्वताबाई तशाच वाकून उभ्या होत्या. फितीचं टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं.